थोरलीचं औषधपाणी

निवृत्त माणसाने बाटलीच्या नादी लागू नये, असे सगळेच सांगतात. मी लागलो. फरक इतकाच, की माझ्या बाटल्या मी प्यायलो नाही, गाडीला पाजल्या. आणि खरे सांगतो, स्वतः प्यायलो असतो तर सोसायटीत माझी एवढी चर्चा झाली नसती.

गाडीला आमच्या घरात थोरली म्हणतात, कारण ती आमच्या मुलीच्या आधी घरात आली. मुलगी शिकली, लग्न होऊन गेली. थोरली मात्र जिन्याखालच्या जागेत तशीच उभी आहे. कपाटाला चाके लावावीत तशी ती दिसते. डिझेलवर चालते, आणि चालते हे लपून राहत नाही. सकाळी चालू केली की आधी दोनतीनदा खाकरते, मग सबंध अंगाने हादरते आणि मागच्या बाजूने जे काही मनात साठले असेल ते बाहेर टाकते. त्याचा रंग काळा असतो.

एवढे असून ती आमच्याकडे का, याचे उत्तर माझ्या सासूबाई. त्या आमच्याकडेच राहतात. त्यांचे गुडघे आता सांगाल ते ऐकण्याच्या वयाचे राहिलेले नाहीत. थोरलीची सीट बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीला येते आणि दार कपाटासारखे सताड उघडते. त्या पाठमोऱ्या उभ्या राहतात, टेकतात आणि पाय आत घेतात. संपले. उतरतानाही तसेच, कुणाचा हात न धरता. बाकीच्या गाड्यांत माणूस बसत नाही, विहिरीत उतरतो, असे त्यांचे मत आहे. एकदा माझ्या मेहुण्याने, म्हणजे त्यांच्याच चिरंजीवाने, हौसेने आपल्या नव्या गाडीतून नेले. परत आल्यावर अक्कलदाढ काढावी तसे तिघांनी मिळून त्यांना बाहेर काढले. तेव्हापासून मुलाकडे जायचे तरी त्या थोरलीतूनच जातात.

आठवड्यातून एकदा त्यांची एक फेरी ठरलेली असते. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची शाळेतली मैत्रीण राहते. ती अंथरुणाला खिळलेली आहे. दोघी पत्ते खेळतात. पूर्वी तिघी होत्या. तिसरी गेल्यापासून डाव रंगत नाही, अशी तक्रार त्या दर वेळी करतात आणि दर आठवड्याला जातात. थोरली गेली तर ही फेरी गेली, आणि ही फेरी गेली तर सासूबाईंचे जग आमच्या बाल्कनीएवढे उरणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. ते कुणी बोलून दाखवत नसे. ज्या गोष्टी फार खऱ्या असतात त्या आमच्या घरात बोलायची पद्धत नाही.

आता हेडबाई. पहिल्या मजल्यावर, थोरलीच्या बरोबर डोक्यावर, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्याच सोसायटीच्या अध्यक्ष. त्यांना कुणी निवडून दिले, हे आठवत नाही. वर्गात बाई येतात तशा त्या आल्या आणि आम्ही उठून उभे राहिलो. त्यांचेही गुडघे गेलेले. बरेच दिवस त्या फाटकाबाहेर पडलेल्या नाहीत. शेवटच्या वेळी टॅक्सीतून उतरताना चालक आणि पहारेकरी यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी ओढले होते आणि तो प्रसंग खाली खेळणाऱ्या पोरांनी पाहिला होता. त्यानंतर त्यांनी बाहेर जाणे सोडले आणि चादरी धुणे धरले. पांढऱ्या चादरी, रोज, गॅलरीच्या दोरीवर, सुरकुती न पडता.

सोसायटीच्या सभेला त्या एक चादर घेऊन आल्या. घडी उलगडून त्यांनी ती टेबलावर पसरली. मध्यभागी राखाडी रंगाचा एक ढग होता.

“ही चादर पांढरी होती,” त्या म्हणाल्या. गेलेल्या माणसाबद्दल बोलावे अशा आवाजात.

मी उठून म्हणालो, की माझ्याकडे धुराचा सरकारी दाखला आहे. त्यांनी हात पुढे केला. वह्या मागायचा तोच हात. मी दाखला दिला. त्यांनी चष्मा लावला, वाचला आणि तांबड्या पेनने एका शब्दाभोवती गोल केला. इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ छापले होते. म्हणजे कागदोपत्री माझी गाडी पेट्रोलवर चालत होती, आणि पेट्रोलच्या गाडीला असा धूर येत नसल्यामुळे उत्तम गुणांनी उत्तीर्ण होती.

मी दुसऱ्याच दिवशी ती चूक सुधारायला गेलो, हे इथे नमूद करतो. खिडकीतल्या गृहस्थाने सांगितले, की जुना दाखला संपल्याशिवाय संगणक नवा घेत नाही. मी म्हणालो, पण जुना चुकीचा आहे. तो म्हणाला, चुकीचा असला तरी चालू आहे. आयुष्यभर विमा कचेरीत बसून लोकांच्या अर्जांवर ‘पुरावा जोडा’ असा शेरा मारणाऱ्या माणसाला त्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूने उभे राहणे कसे वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

तर सभेत ठरले ते असे. धुराची परीक्षा सोसायटीच घेईल. दर रविवारी सकाळी, सर्वांसमक्ष, गाडी चालू करून नळीच्या तोंडासमोर पांढरा रुमाल धरायचा. चालकाने तीनदा जोरात अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबायचा. रुमालाला हेडबाई दहापैकी गुण देतील. महिनाअखेरच्या रविवारी चार गुण मिळाले तर गाडी राहील, नाहीतर तिने सोसायटीचे आवार सोडायचे. हा प्रकार कुणाच्या डोक्यातून निघाला कळले नाही, पण हात सगळ्यांचे वर होते. माझाही होता. मला वाटले, हजेरी चालली आहे.

घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी फक्त एवढेच विचारले, की परीक्षा किती वाजता असते. मी म्हणालो, नऊ. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

सल्ल्यांना त्याच संध्याकाळी सुरुवात झाली. तिसऱ्या मजल्यावर एक औषध दुकानदार राहतात. त्यांना सगळे मागून ‘डोस’ म्हणतात आणि समोर ‘साहेब’. ते थोरलीभोवती एक फेरी मारून आले, खाली वाकून नळीत पाहिले आणि म्हणाले, की छातीत कफ आहे. मग त्यांनी समजावून सांगितले, की इंजिनात डिझेल फवारणाऱ्या ज्या बारीक सुया असतात त्यांची तोंडे जुन्या गाडीत काजळीने बुजतात. डिझेल फवारले न जाता थेंबाथेंबाने ठिबकते, नीट जळत नाही, म्हणून धूर. हल्ली टाकीत ओतायची औषधे मिळतात, त्यांनी हा मार्ग मोकळा होतो.

मेहुणा म्हणाला, “भावजी, म्हाताऱ्या माणसाला टॉनिक पाजून तो पळायला लागतो का?” हे तो आईसमोर म्हणाला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि तो पाणी प्यायला आत गेला.

गॅरेजवाल्याची भूमिका निराळीच. त्याला आम्ही उस्ताद म्हणतो. कुठलेही बॉनेट उघडले की आधीच्या माणसाने केलेल्या कामाला नावे ठेवल्याशिवाय त्याचा हात चालत नाही. आमच्या बाबतीत आधीचा माणूसही तोच असल्यामुळे तो दर वेळी स्वतःला फार लागेल असे बोलतो. त्याने सांगितले, की बाटल्या म्हणजे थोतांड. खरा उपाय म्हणजे डिझेलमध्ये मोटरसायकलचे तेल थोडेसे मिसळणे. आणि जाता जाता म्हणाला, की हवेची जाळी, डिझेलची जाळी, म्हणजे सगळे फिल्टरच एकदा बदलून टाकू.

इथे माझ्यातला विमा कचेरीचा माणूस जागा झाला. मी त्याला थांबवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळेच बदलले तर गुण कशाला आला हे कळणार कसे? पुरावा नको? मी उस्तादला बजावले, की या महिन्यात थोरलीच्या कुठल्याही जाळीला हात लावायचा नाही. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी तेव्हा आदराची समजलो.

पहिल्या रविवारी औषध न देता परीक्षा झाली. मूळ स्थिती कळायला हवी ना. रुमाल माझ्याच घरचे होते. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी मला पांढऱ्या रुमालांचा डबा दिला होता, डोळे पुसायला; त्या दिवशी डोळे कुणाचेच ओले झाले नाहीत, म्हणून डबा कोरा राहिला होता. डोसनी चिमट्यात रुमाल धरला. मी पाय दाबला. थोरलीने खाकरून घेतले आणि मन मोकळे केले. धूर विरला तेव्हा रुमाल शोकसभेला निघाल्यासारखा दिसत होता, आणि डोसही. हेडबाईंनी गॅलरीतून पाहिले.

“एक,” त्या म्हणाल्या. “तोही हजेरीचा.”

रुमाल सूचनाफलकावर कपड्याच्या चिमट्याने लटकवण्यात आला. खाली माझे नाव आणि गुण. दूधवाला, पेपरवाला, विजेची नोंद घ्यायला आलेला माणूस, सगळे तो वाचून जात. बायको म्हणाली, “अहो, मुलीच्या प्रगतिपुस्तकाच्या वेळी सुद्धा आपल्याला इतकी मान खाली घालावी लागली नव्हती.”

मग पहिली बाटली. ती आणायला डोस माझ्याबरोबर आले. सुट्या भागांच्या दुकानात बाटल्यांची एक सबंध भिंत होती. काही सुया साफ करणाऱ्या, काही डिझेलला चटकन पेट घ्यायला लावणाऱ्या, काही आतल्या भागांना वंगण देणाऱ्या, आणि एक बाटली हे सगळे करून शिवाय इंजिनाचे तारुण्य परत आणणारी. ती मी स्वतःसाठी थोडा वेळ हातात धरून पाहिली. डोसनी सुया साफ करणारी निवडली आणि दुकानदाराला विचारले, की रिकाम्या टाकीवर की भरल्या. दुकानदाराने बाटली उलटीसुलटी करून पाहिली. शेवटी बाटलीवरच लिहिलेले निघाले, की आधी औषध आणि वर डिझेल. डोस म्हणाले, म्हणजे जेवणाआधी.

त्या आठवड्यात सासूबाईंनी आपली फेरी बुधवारवरून रविवारवर आणली. मैत्रीण रविवारी सकाळी जरा बरी असते, असे त्या म्हणाल्या. मला कसलीच अडचण नव्हती. सकाळी लवकर त्यांना पोचवायचे, परत येऊन परीक्षेला बसायचे, मग दुपारी आणायला जायचे. मी स्वतः गाडी चालवत होतो, हे पुढच्या कथाभागासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावे. मी ठेवले नाही.

दुसऱ्या रविवारी रुमाल राखाडी आला. नुसता राखाडी. डोसनी तो उजेडात धरला तर पलीकडचे दिसत होते. खाली जमलेल्या मंडळींत कुजबूज झाली. हेडबाई बराच वेळ रुमालाकडे पाहत राहिल्या, मग थोरलीकडे, मग फाटकाकडे, आणि म्हणाल्या, “पाच. प्रगती आहे.”

माझा आनंद मी आवरता घ्यायला हवा होता. मी तो पसरू दिला. शेजारच्या इमारतीतून लोक सल्ला विचारायला येऊ लागले. मी त्यांना खुर्ची देऊन सुयांची तोंडे, काजळी, जेवणाआधी, असे सगळे समजावून सांगत असे. एका गृहस्थाने शेवटी सांगितले, की त्याच्याकडे सायकल आहे. पण त्याने पूर्ण ऐकून घेतले.

याच भरात माझ्या हातून दुसरी गोष्ट घडली. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘काजळी मुळापासून विरघळवते’ असे छापले होते. मला वाटले, हेडबाईंच्या चादरीवर जे आहे तेही काजळीच की. जुने वैर मिटवायची ही संधी. मी वर गेलो, नम्रपणे चादर मागितली, आणि उरलेले अर्धे झाकण औषध त्या राखाडी ढगावर ओतले. औषध खरे बोलत होते. काजळी गेली. तिच्या जागी हळदीच्या रंगाचा एक डाग आला, आधीच्यापेक्षा वीतभर मोठा, आणि पेट्रोल पंपावर झोपल्याचा भास व्हावा असा वास. चादर परत देताना मी म्हणालो, की राखाडी रंग पूर्ण गेलेला आहे. हेडबाई म्हणाल्या, की विज्ञानात रंग बदलणे ही प्रगतीच असते, असे त्या मुलांना शिकवत असत, पण आता शिकवणार नाहीत.

या प्रसंगानंतर मला पाचावर समाधान वाटेना. पाचाचे सात झाले पाहिजेत. मी डोसना गाठले. ते म्हणाले, की औषध लागू पडले आहे तर कोर्स पुरा करायचा, मध्येच सोडला की दुखणे उलटते. म्हणून त्या आठवड्यात मी सुया साफ करणारी आणखी एक बाटली आणि वर चटकन पेट घ्यायला लावणारी एक, अशा दोन ओतल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा माझा नियम मला आठवत होता. पण दोन्ही बाटल्या एकाच गोष्टीच्या आहेत, असा मी त्याचा अर्थ लावला. नियमांचा अर्थ लावण्यातच माझी सगळी नोकरी सरली होती.

तिसऱ्या रविवारी सकाळी सासूबाई मागच्या सीटवर, हातात पत्त्यांचा जोड, आणि आम्ही गावाच्या मधल्या पुलावर चढलो. चढाच्या निम्म्यावर थोरली एकदा अडखळली. मग पुन्हा. मग ती एखाद्या माणसाला बोलता बोलता विषयच आठवेनासा व्हावा तशी शांत झाली आणि उभी राहिली. धूर नव्हता. अजिबात नव्हता. रुमाल जवळ असता तर दहापैकी दहा पडले असते.

मी उतरून बॉनेट उघडले. मला त्यातले काही कळत नाही, पण पुलावर बॉनेट उघडले की माणूस गाडीशी बोलतो आहे असे तरी दिसते. लगेच चार जण जमले. एक म्हणाला बॅटरी, दुसरा म्हणाला डिझेलच संपले असेल, तिसऱ्याने मला माझे वय विचारले. चौथा गंभीरपणे म्हणाला, की या मॉडेलला पुलाचा चढ मानवत नाही. सगळ्यांनी मिळून ढकलायचे ठरले. मी सासूबाईंना म्हणालो, की आई, जरा उतरता का, वजन कमी होईल.

“मी उतरले तर इथे पुलावर कशावर टेकू?” त्या म्हणाल्या. “ढकला तुम्ही. मी काही फार नाही.”

म्हणून आम्ही ढकलली, मी उघड्या दारातून स्टिअरिंग धरून. सासूबाई आत ताठ बसल्या होत्या आणि मागच्या काचेतून आमच्याकडे वळून, मिरवणुकीत बघावे तसे, अधूनमधून बघत होत्या. उताराला लागल्यावर मी आत बसलो आणि थोरली आपणहून उस्तादच्या गॅरेजकडे निघाली. तिला रस्ता पाठ आहे.

उस्तादने डिझेलची जाळी काढून वर्तमानपत्रावर ठेवली. काळा, चकचकीत, जाड लगदा. त्याने तो काडीने ढवळून मला दाखवला आणि आधीच्या माणसाला दोन शब्द ऐकवले. मग सांगितले, की टाकीच्या तळाशी इतक्या वर्षांची घाण जी सुखाने बसली होती ती माझ्या औषधाने सुटली आणि सगळी येऊन या जाळीत अडकली. म्हणजे औषधाने काम केले. इतके केले, की गाडी बंद पडली. हवेची जाळी काढून झटकली तर गॅरेजातल्या मांजराला शिंका आल्या. त्याने मला न विचारता दोन्ही जाळ्या बदलल्या, टाकी धुतली, आणि आपल्या मनाचे ते मोटरसायकलचे तेलही थोडे घातले. मी कपाळावर हात मारून घेतला. माझा सगळा पुरावा त्याने पुसून टाकला होता. तो म्हणाला, “साहेब, तुम्हाला गाडी पाहिजे की पुरावा?”

सासूबाईंना तिथून मेहुण्याच्या गाडीने घरी आणले; उतरवायला पुन्हा तिघे लागले. तो रविवार परीक्षेविना गेला आणि सासूबाईंच्या मैत्रिणीला फोनवर कळवण्यात आले, की आज डाव नाही.

गाडी सबंध आठवडा गॅरेजात होती, ती शनिवारी संध्याकाळी घरी आली. दुसऱ्या दिवशी शेवटची परीक्षा. मी सासूबाईंना म्हणालो, की आई, उद्या परीक्षा होऊ द्या, मग तुम्हाला सोडतो. आणखी कुठे बंद पडायला नको. त्यांनी ऐकले नाही.

“आधी मला सोडून या,” त्या म्हणाल्या. “मग परीक्षा.”

मी कारण विचारले. त्या पत्ते पिसत होत्या. न थांबता म्हणाल्या, “जावईबापू, उठल्या उठल्या कोण खोकत नाही? चार पावलं चालली की घसा मोकळा होतो. तिचंही तसंच आहे.”

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी खुर्चीत बसलो. पहिल्या रविवारी थोरली थंड होती: एक गुण. दुसऱ्या रविवारी ती गाव ओलांडून, गरम होऊन आली होती: पाच गुण. मैत्रिणीची रविवार सकाळची तब्येत, नऊ वाजता परीक्षा, ‘बरं’, शेंगा. जे मी शेजाऱ्यांना खुर्ची देऊन समजावून सांगत होतो ते सगळे औषध नव्हते, सासूबाई होत्या. आणि गाडी चालवणारा मीच होतो.

बायकोने मला पाणी आणून दिले. तिला पहिल्यापासून कळले होते, हे तिच्या पेला धरण्यावरून दिसत होते. ती म्हणाली, “आता उगाच सत्यवादी होऊ नका. आईला सोडा आणि या.”

मी आयुष्यभर लोकांना पुरावा मागितला. काही जणांचे अर्ज मी त्यांनी बनवलेला पुरावा ओळखून परत पाठवले आहेत. आता माझ्या समोर स्वतःचा अर्ज होता, आणि त्याला जोडलेला पुरावा सासूबाईंनी बनवलेला होता. सही करावी तर खोटेपणा. न करावी तर त्यांची फेरी जाते. मी बराच वेळ बाल्कनीत उभा राहिलो. मग आत जाऊन सासूबाईंना सांगितले, की परीक्षा थंड गाडीचीच होईल. त्यांनी पत्त्यांची थप्पी टेबलावर ठेवली आणि कडा सारख्या केल्या. 

रविवारी सगळी सोसायटी खाली होती. हेडबाईही जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी मोजत, स्वतः खाली आल्या. शेवटची परीक्षा गॅलरीतून तपासायची नसते. सासूबाई पिशवी घेऊन जिन्याजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या, प्रवासाला निघाल्यासारख्या. मेहुणा आला होता, नव्या गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवत. मी चालकाच्या जागेवर बसण्याआधी सर्वांसमोर सांगून टाकले, की मागचे पाच गुण गरम इंजिनाचे होते, ते खरे धरू नयेत.  डोस चिमटा हातात धरून माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी त्यांच्या दुकानातले औषध खडूचे आहे असे जाहीर केले आहे.

“मला माहीत होतं,” हेडबाई म्हणाल्या. “मी गॅलरीतच असते. चालू करा.”

मी पाय दाबला. थोरली खाकरली, पण एकदाच. धूर आला, पण पूर्वीइतका काळा नाही. रुमाल राखाडीपेक्षा गडद आणि काळ्यापेक्षा फिका असा आला. हेडबाईंनी तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला, उलटला, पुन्हा पाहिला.

“तीन,” त्या म्हणाल्या.

 मेहुण्याच्या किल्ल्या थांबल्या. मी दार उघडून खाली उतरलो आणि सासूबाईंकडे पाहू लागलो, पण त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या खुर्चीवरून उठल्या, थोरलीजवळ गेल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, टेकल्या आणि पाय आत घेतले. मग हातातली पिशवी शेजारच्या सीटवर न ठेवता मांडीवर घेतली.

“शेवटचं एकदा सोडा मला,” त्या म्हणाल्या. आणि हेडबाईंकडे वळून, “बाई, पत्ते येतात का हो तुम्हाला?”

हेडबाई म्हणाल्या, की शाळेच्या सहलीत मुलींकडून जप्त केलेले पत्ते त्यांच्याकडे असत, तेव्हा येणे भागच होते.

“आम्हाला तिसरी हवी आहे.”

हेडबाईंनी थोरलीकडे पाहिले. दार, मग सीट, मग जमलेली माणसे, मग पुन्हा सीट. त्या टॅक्सीची आठवण त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मी पाहिली. मग त्या हळूहळू पलीकडच्या बाजूला गेल्या, सासूबाईंनी केले तसेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि टेकल्या. बस्स. पाय आत. कुणी ओढले नाही, ढकलले नाही. त्या सीटवर त्यांनी एकदा हात फिरवला, वर्गातली नवी बाके आली की फिरवावा तसा.

“साडी नीट करून घेते,” त्या म्हणाल्या. “मग चला.”

दुपारी परत आलो तेव्हा त्या स्वतःच्या पायांनी उतरल्या, आणि उतरून तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग सूचनाफलकाकडे गेल्या. माझ्या रुमालाखालच्या तीन आकड्यावर तांबड्या पेनने काट मारून त्यांनी चार लिहिले आणि शेजारी कारणही नोंदवले: ‘तोंडी परीक्षेचा एक.’ हा गुण माझ्या खरे बोलण्याचा की त्यांच्या हाताला लागलेल्या पत्त्यांचा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता प्रश्न राहिला एकाचे तीन कसे झाले हा. डोस म्हणतात ते दोन गुण बाटलीचे. उस्ताद म्हणतो जाळ्यांचे, आणि थोडे तेलाचे. मेहुणा म्हणतो त्या दिवशी हवा कोरडी होती. जुन्या डिझेल गाडीला अशी औषधे पाजण्यात अर्थ आहे का, असे मला अजून लोक विचारतात, तो सायकलवाला सुद्धा. मी त्यांना खुर्ची देतो आणि सांगतो, की आधी जाळी पाहा, मग बाटली पाहा, आणि बाटली घालाल तर चादरीपासून लांब ठेवा. याहून जास्त सांगायला माझ्याकडे पुरावा नाही.

मागच्या रविवारी सकाळी दोघी मागे बसल्या आणि मी थोरली चालू केली. ती खाकरली. धुराचा एक लहानसा गोळा वर गेला. दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेले गृहस्थ गॅलरीत पांढरे सदरे वाळत घालत होते. त्यांनी खाली वाकून रागाने विचारले, की या गाडीबद्दल तक्रार कुणाकडे करायची.

मागची काच खाली झाली आणि हेडबाईंनी डोके बाहेर काढले.

“माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “पण उठल्या उठल्या कोण खोकत नाही?”

आणि काच वर करून मला म्हणाल्या, “चला. ती वाट बघत असेल.”